दार लागलं ना, बाई?

५ जानेवारी, सोमवार

कोऑप दुकानवाल्यांनी यंदाही डायरी फुकट दिली. माझा नवरा रोआल्ड असताना तो तिच्यात दोनच गोष्टी लिहायचा, किती थंडी आणि किती बर्फ. तो गेल्यापासून डायऱ्या नुसत्या ड्रॉवरमध्ये पडतात. ही वापरायची असं ठरवलंय.

लहानपणी आई जेवायला बसण्याआधी आम्हा भावंडांना एकेका गोष्टीचे आभार मानायला लावायची. आधीच्याने सांगितलेली गोष्ट दुसऱ्याने सांगायची नाही, असा नियम. शेवटच्याची पंचाईत व्हायची आणि शेवटची नेहमी मीच असायचे. तोच नियम इथे चालवून बघते.

आज शाळा उघडली. रेनाटाने सगळ्यांना लायब्ररीत बसवलं. ती आमची मुख्याध्यापिका, मिनिआपोलिस शहरातून आलेली, माझ्या मुलीच्या वयाची. म्हणाली, आता सगळी दारं बंद राहणार. येणाऱ्याने पुढच्याच दाराने यायचं, घंटा वाजवायची, कॅमेऱ्यात तोंड दाखवायचं, गाडीचं लायसन्स द्यायचं. ते यंत्रात घालायचं, यंत्र त्याच्या फोटोचा स्टिकर काढेल, तो छातीवर लावायचा, मगच आत. आणि हे सगळं करणार कोण, तर ऑफिसच्या खिडकीत बसणारी लॉर्ना नेसेट, म्हणजे मी.

मी म्हटलं, "ज्यांची नाकं मी पुसली त्यांच्याकडे आता ओळखपत्र मागू?"

"हो, त्यांच्याकडे आधी," रेनाटा म्हणाली.

आर्विड मागून म्हणाला, "आणि माझ्या दगडाचं काय?" सगळे हसले. आर्विड बॉयलरपासून बर्फापर्यंत सगळं बघतो. मधल्या सुट्टीत मैदानाकडचं मागचं दार उघडं राहावं म्हणून तो त्यात एक चपटा दगड अडकवतो. तो दगड शाळेत माझ्याही आधीपासून आहे.

एक गोष्ट राहिली. दुसरीतल्या ज्युनी ब्रेकेचं नोव्हेंबरपासूनचं खूळ सुट्टीतही गेलेलं नाही. रोज सकाळी माझ्या खिडकीशी थांबते आणि विचारते, "दार लागलं ना, बाई?" रोज! मी म्हणते, लागलं गं, वर्गात जा. आपलं घर असल्यासारखी चौकशी.

आभार: बॉयलर पहिल्या झटक्यात सुरू झाला.

८ जानेवारी, गुरुवार

ज्युनीची आई आली होती. कॅरिसा. दुलुथ शहरातली मुलगी, इथल्या वृद्धाश्रमात काम करते, जारेट ब्रेकेशी लग्न करून आमच्या हेगन गावात आली. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून मी चार वाक्यं ऐकली नसतील. आजही खुर्ची दिली तर ती सरकवून भिंतीला पाठ लावून बसली. बाहेर गाडीचं इंजिन चालू, आणि गाडी रांगेत सरळ लावायची सोडून तोंड रस्त्याकडे करून उलटी लावलेली. पेट्रोल काय झाडाला लागतं?

कोर्टाचा हुकूम घेऊन आली होती. जारेटने ज्युनीला भेटायचं नाही, शाळेच्या आवारात पाऊल टाकायचं नाही. रेनाटाने तिला आत नेलं, बराच वेळ बोलल्या. निघताना कॅरिसाने मला विचारलं, "मागच्या दाराला कुलूप लागतं का हो?"

"हेगनमध्ये आजवर लागलं नाही," मी म्हटलं. ती कोटाची बाही बोटांपर्यंत ओढून निघून गेली.

मला ते पटलं नाही, इथे लिहायला काय हरकत आहे. जारेटला तो दुसरीत असल्यापासून मी ओळखते. वर्गातला हॅमस्टर मेला तेव्हा हा पोरगा माझ्या ऑफिसात बसून हुंदके देत रडला होता. आर्विडला बर्फ उपसू लागायचा, न सांगता. नवरा-बायकोचं बिनसलं की वकील लोक राईचा पर्वत करतात. हुकूम आहे तर पाळू, पण मनात मी त्याला गुन्हेगार ठरवणार नाही.

आभार: मैत्रीण आयडेलाने लेफ्सा पाठवला, बटाट्याची पोळी ती, लोणी-साखर लावून.

१२ जानेवारी, सोमवार

जारेट आला! कुलूप अजून बसायचंय, त्यामुळे सरळ खिडकीपर्यंत आला. हातात डोनटचा खोका.

"बाई, तुम्ही म्हाताऱ्या व्हायचं विसरलात की काय?"

"आणि तू दाढी करायचं विसरलास," मी म्हटलं. मग मन घट्ट करून सांगितलं, बाबा रे, तुला इथे यायची परवानगी नाही. त्याने आवाज चढवला नाही. मान खाली घालून म्हणाला, "माहीत आहे. नुसता वास घ्यायला आलो. अजून तोच मेणाचा वास आहे फरशीला."

थोडं इकडचं तिकडचं बोललो. मधली सुट्टी अजून जेवणानंतरच असते का? असते. पोरं अजून मागच्या दारानेच जातात? हो. आर्विडचा दगड आहे अजून? मी म्हटलं, तो दगड आपल्या सगळ्यांना पुरून उरेल. खूप हसला. जाताना टपालवाला येत होता, त्याच्यासाठी दार धरून उभा राहिला, थंडीत, टोपी न घालता.

अशा माणसाला भिऊन कोर्टात जायचं? कमाल आहे.

आभार: डोनट, मेपलचे.

१५ जानेवारी, गुरुवार

ज्युनीच्या पोटात दुखतंय म्हणून तिला मधल्या सुट्टीत माझ्याकडे पाठवलं. मला काही दुखताना दिसलं नाही. बिस्किटं दिली, ती खाल्ली. खिडकीजवळची खुर्ची दिली तर नको म्हणाली, कपाटाआडच्या खुर्चीवर जाऊन बसली. "मोकळ्या हवेत खेळलीस की पोट बरं होतं," मी म्हटलं. तिने मान हलवली, पण उठली नाही.

आर्विड म्हणाला, दोन-तीन दिवस सुट्टीच्या वेळी कुंपणापाशी एक करडा पिकअप ट्रक उभा असतो. मी म्हटलं, तळ्यावर मासे धरायला आलेले असतील, ऊब घेत बसले असतील.

बटाटा-मांसाचं भाजलेलं हॉटडिश उरलंय, उद्याचं काम झालं. तेच आजचे आभार.

२० जानेवारी, मंगळवार

कुलूप बसलं, कॅमेरा बसला, यंत्र बसलं. आमच्या पुढच्या बाजूला सगळ्यांसारखीच दोन दारं आहेत, बाहेरचं आणि आतलं, मध्ये बूट झटकायची खोली. दोन्हींना कुलूप आणि दोन्हींची बटणं माझ्या टेबलाखाली. माझ्या खिडकीला मधल्या खोलीच्या बाजूने काच आणि खाली कागद सरकवायला फट. बँकेतल्यासारखं वाटतं.

पहिलं गिऱ्हाईक आयडेला, आमच्या पाद्रींची बायको. लायसन्स मागितलं तर म्हणाली, "लॉर्ना, तुझ्या बाळंतपणात तुझे डायपर कोणी धुतले?"

"माझे नव्हे, बाळाचे. तू धुतलेस. लायसन्स दे."

"फोटो वाईट आहे."

"यंत्राला फरक पडत नाही."

पण खरं सांगायचं तर दुपारनंतर मी हात टेकले. बाहेर उणे वीस, वाऱ्याने डोळ्यातलं पाणी गोठतंय, आणि माझ्या ओळखीची माणसं बाहेरच्या दाराशी पाय आपटत उभी. आणि मी आत उबेत बसून त्यांना विचारायचं, काय काम आहे आपलं? मला नाही जमलं. चेहरा दिसला की दोन्ही बटणं दाबली. रेनाटाला सांगितलं नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

आज माझी पार शोभा झाली.

जेवून परत येत होते. माझ्या मागून एक माणूस, दोन्ही हातांत बार्सचा, म्हणजे केकच्या चौकोनी वड्यांचा, मोठा ट्रे, वर फॉइल, नाक लाल झालेलं. माझ्याजवळ किल्ली होती. मी बाहेरचं दार धरलं, आतलंही धरलं. हात भरलेल्या माणसाच्या तोंडावर दार कोण सोडतं? म्हणाला, शिक्षकांच्या खोलीसाठी आणलेत. मी खोली दाखवली. वर कॉफीही दिली. वर आणखी हेही सांगितलं की दुसरीचा वर्ग वाटेतच लागतो, तिथल्या पोरांनी कागदाचे पेंग्विन केलेत, ते जरूर बघा.

अर्ध्या तासाने तो माझ्या खिडकीशी आला आणि एक लाल कार्ड माझ्यापुढे ठेवलं. जिल्हा कार्यालयातून आलेला तपासनीस, प्रोकॉप नावाचा. रेनाटानेच बोलावला होता. जिथे जिथे तो कोणी न अडवता पोचला तिथे त्याने लाल कार्ड ठेवलं होतं. व्यायामशाळा, स्वयंपाकघर, बॉयलरची खोली. सगळ्यांनी त्याच्यासाठी दारं धरली. स्वयंपाकीणबाईंनी तर रेसिपी विचारली.

रेनाटाबरोबर मी कार्डं गोळा करायला गेले. दुसरीच्या वर्गाबाहेर पोरांचे कोट टांगतात, तिथे एक कार्ड खुंटीला खोचलेलं होतं. बाजूला ज्युनीचा निळा कोट, एका बाहीतून हातमोजा लोंबणारा. तो हातमोजा मी परत बाहीत सारला. का ते तेव्हा नीट कळलं नाही.

मी म्हटलं, "मला काढून टाका."

रेनाटा म्हणाली, "मीही धरलं असतं दार. मी फक्त मिनिआपोलिसहून आले म्हणून लोकांना वाटतं मी धरत नाही." मग म्हणाली, "लॉर्ना, इथला प्रत्येक माणूस तुम्हाला ओळखतो. तुम्ही नाही म्हटलंत तर लोक ऐकतील. मी म्हटलं तर नुसते रागावतील."

गाडीत बसून रडले. नंतर एक बार खाल्ला, तपासनीसाने दिलेला. चांगला होता. आणि हो, आज आभार मानायचे तर रेनाटाचे. तिने ते सगळ्यांसमोर बोलायचं टाळलं.

२६ जानेवारी, सोमवार

शनिवार-रविवार विचार केला. सकाळी रेनाटाकडे गेले आणि म्हटलं, मी लोकांना थांबवीन, पण गारठवणार नाही. बाहेरचं दार दिवसभर उघडं राहू दे, कुलूप फक्त आतल्याला. लोक मधल्या खोलीत थांबतील. तिथे मला शेगडी पाहिजे, बसायला बाक पाहिजे, आणि फटीतून कॉफी देता आली पाहिजे.

"कॉफी?" रेनाटा म्हणाली.

"थांबायला लावायचं तर माणसासारखं लावायचं."

तिने प्रोकॉपला फोन केला. तो म्हणाला, आतलं दार पक्कं असेल तर त्याची हरकत नाही. पैसे नाहीत म्हणाली, तर मी रोआल्डच्या मासेमारीच्या खोपटातली विजेची शेगडी आणली. आर्विडने जुन्या कपडे बदलायच्या खोलीतला बाक ओढत आणला. त्याचा एक पाय आखूड निघाला, बसलं की डुगडुगायचा. आर्विड जरा वेळ बघत राहिला, मग मागच्या दाराकडे गेला आणि आपला दगड घेऊन आला. पायाखाली सरकवला. बाक जागच्या जागी बसला.

"आता मागचं दार?" मी विचारलं.

"आता किल्लीने," तो म्हणाला. तोंड असं केलं होतं की जणू दात काढलाय.

त्याच्याशी बोलता बोलता त्या पिकअपची आठवण झाली. जारेटचा पिकअप करडाच आहे. अर्ध्या हेगनचा करडा आहे म्हणा. तरी रेनाटाला सांगून टाकलं. तिने शेरीफच्या ऑफिसला कळवलं. उगाच एखाद्याच्या मागे ससेमिरा लावला असं वाटत राहिलं दिवसभर.

आभार: रोआल्डची शेगडी. अजून तिला थोडा माशांचा वास येतो.

४ फेब्रुवारी, बुधवार

जमायला लागलंय. लोक कुरकुरतात. माझा दीर सगळीकडे सांगत सुटलाय की लॉर्नाच्या डोक्यात हवा गेली. पण बाकावर बसतात, कॉफी घेतात, एकमेकांशी बोलतात आणि मग त्यांना आत जायची घाईच राहत नाही. काल दोन आज्या काम विसरून तासभर तिथेच बसल्या. आयडेला तर म्हणते, चर्चपेक्षा इथे बातम्या चांगल्या मिळतात.

सगळ्यात कठीण काम म्हणजे एकामागून दुसरा आला की पहिल्याला सांगणं, दार धरू नकोस, लागू दे. लोक माझ्याकडे असे बघतात जणू मी त्यांना म्हाताऱ्या माणसाला ढकलायला सांगतेय. आयडेलाला तर अजून जमलेलं नाही. तिचा पाय आपोआप दारात जातो.

ज्युनी अजून विचारतेच. पण हल्ली मी "जा वर्गात" म्हणत नाही. उठते, दार ओढून दाखवते आणि म्हणते, "लागलं, ज्युनी." ती बघते आणि जाते. त्यात माझं काय जातं?

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

अक्षर कसंही येतंय. येऊ दे.

आज पोरांची व्हॅलेंटाईनची पार्टी. गुलाबी कागद, चिकट बोटं, सगळा गोंधळ. दुसरीचे कपकेक आयडेला आणणार होती. आली, दोन खोके एकावर एक, हनुवटीने दाबून धरलेले. लायसन्स दिलं, स्टिकर लावला, मी आतल्या दाराचं बटण दाबलं. तिने कमरेने दार ढकललं. तेवढ्यात तिच्या मागे बाहेरचं दार उघडलं आणि जारेट आत आला. हातात मोठं लाल टेडी अस्वल.

"अगोबाई, जारेट!" आयडेला म्हणाली. रविवारच्या शाळेत तिने त्याला शिकवलंय. आणि तिचा पाय गेला दारात. तो हसला आणि पुढे सरकला. त्याच्या आणि त्या लांबलचक व्हरांड्याच्या मध्ये फक्त आयडेलाचा बूट होता.

मी उभी राहिले आणि ओरडले, "आयडेला, दार सोड!"

ती नुसती बघत राहिली. मी आयुष्यात तिच्यावर ओरडलेले नाही. कोणावरच ओरडलेले नाही.

"अगं पण हा तर आपला..."

"सोड म्हणते ना! सोड ते दार!"

ती दचकून आत आली, खोके पडले, आणि जारेटची बोटं दाराला लागायच्या आत खटका बसला. तो आवाज मला अजून ऐकू येतोय.

त्याने मूठ धरून दार हलवलं. मग काचेशी आला. आता तो हसत नव्हता.

"बाई, ओळखत नाही का मला?"

"ओळखते रे."

"मग उघडा ना."

माझ्या तोंडून रोजचंच आलं. "लायसन्स दे, जारेट."

आणि त्याने दिलं. खिशातून काढून फटीतून सरकवलं, सगळे देतात तसं. मी यंत्रात घातलं. कोर्टाची बंदी त्यात नोंदलेली होती, यंत्र लाल झालं. माझ्या मागे रेनाटा आलेली होती. ती लगेच आत गेली. दोन मिनिटांत सगळ्या वर्गांची दारं आतून लागली, पोरं कोपऱ्यात बसली आणि शेरीफला फोन गेला. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की तो उभा आहे, बाहेर वारा सुटलाय आणि त्याने टोपी घातलेली नाही. मी कॉफी ओतली आणि फटीतून दिली.

"यंत्राला वेळ लागतो," मी म्हटलं. "बस. शेगडी चालू आहे."

तो बसला नाही. बाकाला लाथ मारली, बाक हलला नाही. काचेवर हात आपटला. ती कोणाची पोर आहे, विचारलं. म्हटलं, तुझी. मग मला आत का घेत नाही? म्हटलं, कॉफी गार होतेय, जारेट. तुला दोन साखर लागते ना? दोन घातलीये.

मग बसला. अस्वल मांडीवर. मी बोलत राहिले, भीतीने, दुसरं काही सुचेना म्हणून. हॅमस्टरचं काढलं. म्हटलं, किती रडला होतास त्याच्यासाठी.

तो म्हणाला, "हॅमस्टरसाठी नव्हतो रडत. त्या दिवशी बाबा न्यायला येणार होते."

मी साखरेचा डबा खाली ठेवला.

"तुमच्या कपाटामागे खुर्ची होती," तो म्हणाला. "तिथून बाहेरचं काही दिसायचं नाही. तुम्ही बिस्किटं द्यायच्या."

खुर्ची अजून तिथेच आहे. मान वळवून मी तिच्याकडे पाहिलं. गेल्या महिन्यात तिच्यावर कोण बसलं होतं आणि मी तिला काय सांगत होते ते डोळ्यांपुढे आलं. मोकळ्या हवेत खेळलीस की पोट बरं होतं.

शेरीफचे दोघे डेप्युटी आले तेव्हा तो कप दोन्ही हातांत धरून बसलेला होता. एकदा अंगावर धावून गेला, मग गेला त्यांच्याबरोबर. एक डेप्युटी नंतर परत आला. मी विचारलं, तो नुसता भेटायलाच आला होता ना? डेप्युटी म्हणाला, "बाई, गाडीची टाकी गच्च भरलेली आहे, आत एक लहान गुलाबी स्लीपिंग बॅग आहे, आणि बाकी काय आहे ते मी तुम्हाला सांगणार नाही."

पोरांनी चेपलेले कपकेक खाल्ले. आयडेला माझ्याशी न बोलता घरी गेली.

आभार त्या खटक्याचे. त्या तपासनीसाचे, त्याच्या लाल कार्डांचे. रेनाटाचे. मी जिला शहरी नखरे म्हणत होते त्या सगळ्याचे. आईचा नियम एका गोष्टीचा आहे, आज मोडते.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आयडेला आली. दारात उभी राहून म्हणाली, "तू माझ्यावर ओरडलीस." म्हटलं, ओरडले. "अजून मोठ्याने ओरडायला हवं होतंस," म्हणाली आणि रडायला लागली. मग दोघींनी तिचं हॉटडिश खाल्लं. जारेटसाठीही प्रार्थना केली, तिनेच काढलं ते. मला बरं वाटलं. मला एकटीला धीर झाला नसता.

१६ फेब्रुवारी, सोमवार

राष्ट्राध्यक्ष दिनाची सुट्टी. दुपारी कॅरिसा घरी आली, ज्युनीला मावशीकडे ठेवून. बसली. ती बोलायच्या आत मी सगळं ओकून टाकलं. मधल्या सुट्टीची वेळ मी त्याला सांगितली, मागचं दार सांगितलं, दगड सांगितला. हसत हसत सांगितला.

तिने कप बाजूला सरकवला. मला वाटलं, आता उठून जाईल.

"मी चर्चमध्ये सांगून पाहिलं," ती म्हणाली. "त्याच्या भावाला सांगितलं. शेजाऱ्यांना सांगितलं. सगळे म्हणाले, जारेट? आपला जारेट? किती गुणी पोरगा. आणि सगळ्यांनी त्याच्यासाठी दार उघडलं."

"मीही तेच म्हणत होते, कॅरिसा."

"माहीत आहे. तुमच्या तोंडावर दिसायचं." मग तिने पहिल्यांदा बाही मागे सारून माझा हात धरला. मनगटाच्या वर जे होतं ते मी पाहिलं. तिनेही लपवलं नाही. "पण तुम्हाला तो आवडत होता, तरी तुम्ही दार लावलंत. हे कोणी केलं नव्हतं."

निघताना दोघी दाराशी आणखी अर्धा तास उभ्या होतो, थंडीबद्दल बोलत. जाताना म्हणाली, "आणि त्याला कॉफी दिलीत म्हणे." मला वाटलं, राग आला. पण ती म्हणाली, "बरं झालं. तो बसला, म्हणून सगळे सुखरूप घरी गेले." मी आपली पाहुणचार करत होते. तिने तसं का म्हटलं, यावर अजून विचार करतेय.

३ मार्च, मंगळवार

ज्युनी मधल्या सुट्टीत बाहेर गेली. आर्विडने किल्लीने दार उघडलं, पोरं मोजून बाहेर सोडली, मागून लावून घेतलं आणि काठी घेतल्यासारखा फावडं घेऊन कुंपणापाशी उभा राहिला. बर्फ उपसायचा नव्हताच काही तिथे.

कोर्टाने जारेटला आत ठेवलंय. पुढे काय होईल माहीत नाही. मी त्याला एक पत्र टाकलंय, थोडक्यात. येईल तेव्हा लायसन्स मागणारच, असंही लिहिलंय.

आभार: ज्युनीचे गाल लाल होते.

२६ मार्च, गुरुवार

बर्फ पाणी पाणी होतोय. मधल्या खोलीत चिखल. आर्विडची बडबड चालू.

सकाळी कॅरिसा ज्युनीचा डबा द्यायला आली. गाडी रांगेत, सगळ्यांसारखी सरळ, इंजिन बंद. बाकावर बसली. मी तिला ओळखते, तिच्या ताटात जेवलेय, तरी म्हटलं, "लायसन्स." तिने ते हसत आधीच फटीत सरकवलेलं होतं. मागून टपालवाला आला. तिने त्याच्या तोंडावर आतलं दार लागू दिलं आणि काचेतून त्याला म्हणाली, "सॉरी हं, बाईंचा नियम आहे." तो म्हणाला, माहीत आहे, आणि कॉफीसाठी हात पुढे केला.

हे लिहायचं नव्हतं. खरं लिहायचं होतं ते त्याच्या आधीचं. घंटा व्हायच्या जरा आधी ज्युनी मैत्रिणीबरोबर आली. दोघी कुठल्याशा गोष्टीवर खिदळत होत्या. मी सवयीने खुर्चीतून अर्धी उठले, दार ओढून दाखवायला. ती माझ्याकडे बघून हात हलवत पुढे निघून गेली, बोलता बोलता, न थांबता. वर्गापर्यंत मागे वळून बघितलं नाही.

आज तिने विचारलं नाही.

मी तशीच अर्धी उठलेली राहिले. मग पूर्ण उठले, आतल्या दाराशी गेले आणि ओढून पाहिलं. लागलेलं होतं.